जहाजाचा बिल्ला असलेली प्लिमथ एवढी खपायची, मग बंद का पडली?

तुम्ही विचारलंय की आजोबांच्या कपाटात एक जुना फोटो सापडला, त्यात ते एका मोठ्या गोलमटोल गाडीला टेकून उभे आहेत, बोनेटच्या टोकावर शिडाचं जहाज आहे, घरात सगळे तिला 'प्लायमाउथ' म्हणायचे, आणि नेटवर बघितलं तर ही कंपनी २००१ लाच बंद झाली असं दिसतंय, तर एवढी नावाजलेली कंपनी बुडाली कशी, मर्सिडीजवाल्या जर्मनांनी घेतली म्हणून का. फोटो मी अजून बघितला नाही पण जहाज म्हणताय म्हणजे प्लिमथच असणार. उच्चार खरा प्लिमथ, पण कुर्ल्याच्या गॅरेजांमध्ये पहिल्यापासून सगळे प्लायमाउथच म्हणत आलेत, त्यामुळे आजोबांचं काही चुकलं नाही.

मी छत्तीस वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतोय, त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीच्या घराण्यातल्या, म्हणजे डॉज, डीसोटो, प्लिमथ, फार्गो. त्यामुळे सांगतोय त्यातलं थोडं वाचलेलं आहे आणि बरंच हाताला ग्रीस लागून कळलेलं आहे. जर्मनांनी शेवटच्या कागदावर सही केली इतकंच. प्लिमथ त्याच्या चाळीस वर्षं आधीपासून हळूहळू मरत होती आणि मारली ती घरच्या सख्ख्या भावांनी. मला सगळ्यात जास्त चटका ह्याचा लागतो की ज्या एका निर्णयामुळे ती वर आली तोच निर्णय पुढे तिच्या मुळावर आला.

सुरुवात वॉल्टर क्रायस्लरपासून करावी लागेल, कारण हा माणूस मला फार जवळचा वाटतो, तो मुळात रेल्वेच्या वर्कशॉपमधला मेकॅनिक. १८७५ चा जन्म, कॅन्ससचा. १९०८ साली शिकागोच्या मोटार शोमध्ये त्याने लोकोमोबिल नावाची गाडी बघितली, किंमत ५००० डॉलर, त्याच्याकडे जमलेले ७०० आणि बाकीचे ४३०० कर्ज काढून गाडी घेतली, आणि घरी आणल्यावर चालवली नाही! शेडमध्ये नेऊन सगळी खोलली, पार्ट मांडले, अभ्यास केला, परत जोडली, परत खोलली, असे काही महिने चालले आणि बायको बिचारी वाट बघतेय की आपल्याला फिरवून कधी आणणार. ज्याने कधी पहिलं इंजिन खोललंय त्याला हे लगेच कळेल. पुढे तो ब्युइकमध्ये गेला, तिथे कारखाना सुधारला, मग मॅक्सवेल नावाची डबघाईला आलेली कंपनी हातात घेतली आणि १९२५ मध्ये तिचीच क्रायस्लर कॉर्पोरेशन केली.

१९२८ हे साल लक्षात ठेवा. त्या एका वर्षात त्याने डॉज कंपनी विकत घेतली, डीसोटो नावाचा नवा ब्रँड काढला, आणि सगळ्यात स्वस्त म्हणून प्लिमथ काढली. किंमत ६७० डॉलरपासून. फोर्ड आणि शेव्हरोले हिच्यापेक्षा स्वस्तच होत्या, तरी ह्याने मुद्दाम त्या दोघांच्या अंगणात जाऊन दुकान मांडलं. नावाची गोष्ट गमतीची आहे, जो फ्रेझर नावाचा त्याचा विक्रीतला माणूस म्हणाला प्लिमथ ठेवू, बाकीचे म्हणाले हे फार सोवळं नाव आहे, तर तो म्हणाला अहो प्लिमथ बाइंडर ट्वाइन नावाची सुतळी प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी आहे. पेंढ्या बांधायची सुतळी! वॉल्टर क्रायस्लर स्वतः तिकडच्या खेड्यांत वाढलेला, त्याला पटलं. जाहिरातीत मात्र इंग्लंडहून आलेले पहिले लोक, त्यांचं मेफ्लॉवर जहाज हे सगळं लावलं आणि तेच जहाज तुमच्या आजोबांच्या बोनेटवर.

आता ती चालली का, तर ब्रेकमुळे. पहिल्या दिवसापासून चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, आणि तेही स्वस्तातल्या गाडीला. त्या काळच्या फोर्डला आणि शेव्हरोलेला रॉडचे नाहीतर केबलचे ब्रेक, एक रॉड जरा सैल, एक जरा घट्ट, की ब्रेक मारला की गाडी एका अंगाला ओढणार, दर थोड्या दिवसांनी खाली झोपून चारही चाकं सारखी करत बसायची. हायड्रॉलिकमध्ये तेलाचा दाब चारी चाकांना आपोआप सारखा जातो, मेकॅनिकने कमी लक्ष दिलं तरी गाडी सरळ थांबते. शेव्हरोलेने हे १९३६ ला घेतलं आणि फोर्डने १९३९ ला! म्हणजे फोर्डपेक्षा अकरा वर्षं आधी शेतकऱ्याच्या गाडीला हे मिळत होतं. प्लिमथची खरी ओळख ती, की वरच्या वर्गाच्या गाडीतलं इंजिनिअरिंग खालच्या भावात. ही ओळख नीट लक्षात ठेवा, पुढे हीच हरवली.

दुसरी गोष्ट फ्लोटिंग पॉवर, १९३१. चार सिलिंडरचं इंजिन जात्याच हलतं, आणि तोपर्यंत इंजिन सरळ चेसिसला बोल्टने कसलेलं असायचं त्यामुळे ती थरथर सीटपर्यंत यायची. ह्यांनी काय केलं तर इंजिनाला दोनच ठिकाणी रबराच्या फाउंडेशनवर टांगलं, पुढचं फाउंडेशन उंच, पाण्याच्या पंपाजवळ, आणि मागचं खाली गिअरबॉक्सपाशी, म्हणजे दोन्ही जोडणारी रेघ इंजिनाच्या वजनाच्या बरोबर मधून जाते, इंजिन त्या रेघेभोवती हलायचं तेवढं हलतं पण गाडीला कळत नाही. आज साध्या अल्टोलाही रबर फाउंडेशन असतं त्यामुळे कोणाला विशेष वाटत नाही, पण हा विचार तिथला आहे. ती गाडी तयार झाल्यावर अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक क्रायस्लरने स्वतः चालवत हेन्री फोर्डकडे नेली, फोर्ड बापलेकांना दाखवली, तिथेच त्यांना भेट देऊन टाकली आणि टॅक्सीने घरी आला. केवढा विश्वास असेल आपल्या मालावर.

आता तो निर्णय. १९२९ ला शेअर बाजार कोसळला, मंदी आली, महागड्या गाड्या कोण घेणार, डीलर मरायला लागले. तेव्हा १९३० मध्ये क्रायस्लरने ठरवलं की प्लिमथ आता तिन्ही भावांच्या दुकानात विकायची, क्रायस्लरच्या, डॉजच्या आणि डीसोटोच्याही. एका झटक्यात देशभर विक्रीची जागा तिप्पट झाली. डीलरला महागडी गाडी खपली नाही तरी प्लिमथ विकून चूल पेटत राहिली. १९३२ ला 'तिन्ही बघा आणि मग ठरवा' अशी जाहिरात केली, स्वतः वॉल्टर क्रायस्लरचा फोटो लावून, म्हणजे आधी फोर्ड बघा, शेव्हरोले बघा, मग आमची बघा. त्याने लोकांच्या डोक्यात बसलं की तीन नंबरची गाडी ही. मंदीत बाकीच्या कंपन्या आडव्या पडत होत्या आणि प्लिमथ वाढत होती, १९३४ ला दहा लाखावी गाडी बाहेर पडली, सुरू होऊन फक्त सहा वर्षं झालेली. ह्याच जोरावर १९३०च्या दशकातच क्रायस्लर कंपनीने फोर्डला मागे टाकलं. त्यानंतर वीसेक वर्षं प्लिमथ तिसऱ्या नंबरवर राहिली.

पण बघा, प्लिमथला स्वतःचं घर कधी बांधलंच नाही. फोर्डचं दुकान फोर्डचं, शेव्हरोलेचं शेव्हरोलेचं. प्लिमथ कायम दुसऱ्याच्या ओटीवर. आपल्याकडे म्हणतात ना दोन घरचा पाहुणा उपाशी, हिला तर तीन घरं होती. बरे दिवस होते तोवर तिन्ही घरं जेवायला बोलवत होती.

ह्याची खूण तुम्हाला आपल्या मुंबईतच दाखवतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमिअर ऑटोमोबाइल्स काढली, क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून डॉज, प्लिमथ, डीसोटो आणि फार्गोचे ट्रक बनायला लागले, पुढे त्याच कंपनीची फिएट आणि पद्मिनी आली ती सगळ्यांना माहीत आहे. तर त्यातली डॉज किंग्जवे म्हणून जी गाडी होती, माझ्याकडे आत्तापर्यंत पाच आल्या असतील, पहिली आली तेव्हा मी नवीन होतो, मालक सांगत होता डॉज आहे, पुढे डॉजची जाळी, डॉजचा मेंढा, सगळं बरोबर, पण दरवाजाची रबरं मिळेनात. उस्ताद म्हणाले प्लिमथची आण. मी म्हटलं गाडी डॉज आहे. ते म्हणाले आण तर. आणली, अशी बसली की जणू तिच्यासाठीच कापली होती. मग काचा बघितल्या, डॅशबोर्ड बघितला, दरवाजे बघितले, सगळी प्लिमथ! डीसोटो डिप्लोमॅटचंही तेच. परदेशात पाठवायला म्हणून प्लिमथचीच बॉडी घ्यायची, पुढची जाळी आणि बिल्ले बदलायचे, की झाली डॉज, झाली डीसोटो. त्या दिवशी मला वाटलं की चला, पार्ट मिळायची सोय झाली. आज वाटतं की प्लिमथचं पुढे काय होणार ते त्या दरवाज्याच्या रबरातच दिसत होतं. जी गाडी दुसऱ्याचं नाव लावून तितकीच खपते, तिचं नाव काढून टाकायला कंपनीला किती वेळ लागणार?

गाडी म्हणून मात्र सोनं. सहा सिलिंडरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नाहीत, बाजूला ब्लॉकमध्येच, हेड म्हणजे नुसतं लोखंडाचं झाकण. १९३३ ला सहा सिलिंडर आलं ते थोड्याफार बदलांनी १९५९ पर्यंत चाललं. ताकद फार नाही, पण ते मरत नाही. पंचवीस वर्षं शेडमध्ये उभ्या गाडीचे प्लग काढून आत जरा तेल सोडायचं, दोन दिवस थांबायचं, हँडल मारून हळू हळू फिरवायचं, इग्निशनचे पॉइंट घासायचे, आणि सहा व्होल्टची बॅटरी लावायची, पण पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला, हे विसरायचं नाही, आपल्या आजच्या गाड्यांच्या बरोबर उलट. आणि एक उलटी गोष्ट, डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टना उलटे आटे असतात, चाक फिरताना बोल्ट सैल होऊ नये म्हणून. शिकाऊ असताना मी पाईप लावून जोर काढला आणि दोन बोल्ट तोडले, उस्तादांनी काही न बोलता तिसऱ्याला पाना उलटा लावून मनगटाच्या एका झटक्यात सोडवला. आजही नवीन पोराला मी पहिला धडा तोच देतो.

आता उतरण. वॉल्टर क्रायस्लर १९४० ला गेला. नंतर के. टी. केलर साहेब होते, कारखान्यातला तगडा माणूस पण त्यांचं म्हणणं की माणसाला टोपी घालून गाडीत बसता आलं पाहिजे, त्यामुळे युद्धानंतर सगळ्या गाड्या उंच आणि डबड्यासारख्या, आणि शेजारी फोर्ड शेव्हरोले लांब, बसक्या, देखण्या. त्यात १९५३-५४ मध्ये त्या दोघांनी आपसात इतकी मारामारी केली, डीलरांवर गाड्या अक्षरशः ओतल्या, की मधल्या मध्ये प्लिमथ चिरडली आणि १९५४ ला तिसऱ्यावरून एकदम पाचव्या नंबरवर, ब्युइक आणि ओल्ड्समोबिल ह्या महागड्या गाड्यांच्याही खाली.

मग व्हर्जिल एक्स्नर नावाच्या डिझायनरने तिला पार बदललं. १९५५ ला पहिल्यांदा व्ही-८ इंजिन मिळालं आणि १९५७ ची प्लिमथ म्हणजे, मागे विमानासारखे उंच पंख, कमी उंची, पुढे स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन धक्का झेलणारी लांब सळई, जाहिरात काय तर 'अचानक १९६० आलं'. आणि खरंच लोक तुटून पडले, सात लाखांच्या वर गाड्या, परत तिसरा नंबर. शेव्हरोलेवाल्या जनरल मोटर्सचे डिझायनर हादरले होते. पण घाई झाली. नवी बॉडी, नवं सस्पेन्शन, सगळं एकदम आणि वेळ न देता. पत्रा लवकर गंजायचा, पाणी आत यायचं, सीटची कापडं फाटायची, टॉर्शन बार तुटायच्या तक्रारी. क्रायस्लर घराण्याची गाडी म्हणजे इंजिनिअरिंगला पक्की ही तीस वर्षांची पुण्याई एका मॉडेलने खर्च करून टाकली. सुंदर गाडी काढून पत्र्याने नाव घालवलं ह्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण चालवायला ती गाडी खरोखर तिच्या काळाच्या पुढची आहे, वळणावर जी बसते ती बघून विश्वास बसत नाही.

तसल्याच एका गाडीची हकीगत आहे. अमेरिकेत टल्सा नावाच्या गावात १५ जून १९५७ ला लोकांनी एक कोरी करकरीत प्लिमथ बेलव्हेडिअर कोर्टाच्या आवारात जमिनीखाली काँक्रीटच्या खड्ड्यात पुरली, पन्नास वर्षांनी काढायची म्हणून. सोबत पेट्रोल आणि ऑइलपण ठेवलं, २००७ साली पेट्रोल मिळालं नाही तर पंचाईत नको म्हणून. आणि २००७ मध्ये गावाची लोकसंख्या किती असेल ते जो सगळ्यात जवळचं सांगेल त्याला गाडी. १५ जून २००७ ला उघडलं तर खड्ड्यात पाणी भरलेलं, गाडी मातकट लाल, सीटचा चिखल झालेला, स्प्रिंगा कुजलेल्या. मी ते फोटो मोठे करून करून बघितलेत. आपल्याकडे पुराच्या पाण्यातून गाड्या येतात त्या अशाच दिसतात, पण त्या दोन दिवस बुडालेल्या असतात. ज्याने सगळ्यात जवळचा आकडा लिहिला होता तो बिचारा तोवर वारला होता.

पण पत्रा सुधारता आला असता, आणि त्यांनी सुधारलाही, साठीतल्या गाड्या बऱ्याच बऱ्या आहेत. खरा घाव १९६० चा. डॉजच्या डीलरांकडून प्लिमथ काढून घेतली. ठीक आहे म्हणाल, एक घर कमी. पण त्या डीलरांना बदल्यात काय दिलं, तर डॉज डार्ट, प्लिमथच्याच मापाची, प्लिमथच्याच भावाची. म्हणजे काल जो भाऊ तुझा माल विकत होता तो आज समोरच्या फुटपाथवर तोच माल आपल्या नावाने विकायला बसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डीसोटो बंद, म्हणजे दुसरं घरही गेलं. उरलं क्रायस्लरचं दुकान, तर त्यांनी १९६१ ला न्यूपोर्ट नावाची स्वस्त क्रायस्लर काढली २९६४ डॉलरला, म्हणजे भारीतली प्लिमथ घ्यायला आलेला माणूस म्हणणार अजून थोडे घातले तर क्रायस्लर येतेय की! वरून न्यूपोर्ट, बाजूने डार्ट, आणि मध्ये प्लिमथ. १९६१ ला तिसरा नंबर रॅम्बलर ह्या दुसऱ्याच कंपनीच्या गाडीने नेला.

त्यात भर म्हणजे १९६२. कंपनीचे त्यावेळचे प्रेसिडेंट विल्यम न्यूबर्ग ह्यांच्या कानावर असं आलं की शेव्हरोले आपली मोठी गाडी छोटी करतेय, त्यांनी घाईने प्लिमथ आणि डॉज आखडून टाकल्या. शेव्हरोले काही छोटी झालीच नाही, ती बातमी वेगळ्याच छोट्या मॉडेलची होती. बाजारात सगळे मोठी गाडी मागतायत आणि प्लिमथकडे मोठी गाडीच नाही. शिक्षा कोणाला तर एक्स्नरला घालवलं, ज्याचा त्या आखडण्याला विरोध होता.

साठीतल्या बाकीच्या चांगल्या गोष्टी पटकन सांगतो. व्हॅलिअंट ही छोटी गाडी आणि तिचं तीस अंशात कललेलं सहा सिलिंडर इंजिन, स्लँट सिक्स, हे मेकॅनिक लोकांचं जगभर लाडकं. बॅराकुडा १ एप्रिल १९६४ ला आली, फोर्डच्या मस्टँगच्या दोन आठवडे आधी, पण नाव कुणाचं झालं ते जग जाणतं. १९६७ ला रिचर्ड पेटी ह्या अमेरिकन रेसिंग ड्रायव्हरने प्लिमथमध्ये एका मोसमात २७ रेस जिंकल्या, त्यातल्या दहा लागोपाठ. आणि १९६८ ची रोडरनर, ही मला फार आवडते, कारण तिच्यात जुनी प्लिमथ परत दिसते. विचार असा की पोरांना वेग पाहिजे आणि खिशात पैसे नाहीत, तर मोठं ३८३ घनइंचाचं इंजिन घाला आणि बाकी सगळं काढा, साधी सीट, खाली कार्पेटसुद्धा नाही, किंमत ३००० डॉलरच्या आत. कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव वापरायला वॉर्नर ब्रदर्सना ५०,००० डॉलर दिले आणि हॉर्नपण तसाच बीप बीप बनवला. पहिल्याच वर्षी चव्वेचाळीस हजारांच्या वर गेल्या. आणि मग काय झालं? पुढच्या काही महिन्यांतच डॉजने सुपर बी काढली. तीच गाडी, वेगळा बिल्ला.

सत्तरीत डस्टर उत्तम चालली, नंतर व्होलारे आली १९७६ ला आणि तिची पुढची मडगार्डं एवढी लवकर सडायला लागली की कंपनीला फुकट बदलून द्यावी लागली, परत तोच पत्रा. कंपनीच दिवाळखोरीच्या दारात गेली, ली आयाकोका प्रमुख म्हणून आले, जानेवारी १९८० मध्ये अमेरिकन सरकारने दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली, के-कार ही छोटी, स्वस्त गाडी निघाली, प्लिमथचं नाव रिलायंट आणि डॉजचं एरिस. मग १९८४ च्या मॉडेलची मिनीव्हॅन, प्लिमथ व्हॉयेजर. न्यू जर्सीला माझा मावसभाऊ असतो, त्याच्याकडे व्हॉयेजर होती, शेजाऱ्याकडे डॉज कॅराव्हॅन, तो सांगायचा की अंधारात एकदा चावी त्याच्या गाडीला लावून उभा राहिलो होतो, पुढची जाळी दिसेपर्यंत कळलंच नाही. ते ऐकून मला किंग्जवेचं रबर आठवलं. चाळीस वर्षांनी, हजारो मैलांवर, तेच.

नव्वदीत तर कंपनीने तिचा घासच काढून घेतला. १९९३ ला नवीन मोठ्या गाड्या आल्या, ज्यांनी कंपनी परत उभी राहिली, त्यातली एक डॉजला, एक क्रायस्लरला, एक ईगल नावाच्या नव्या पाहुण्याला, आणि प्लिमथला नाही! निऑन आली ती डॉज आणि प्लिमथ दोघांना एकाच नावाने, नाव बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नाहीत. १९९६ च्या सुमाराला जहाज परत बिल्ल्यावर आणलं, १९९७ ला प्रावलर काढली, जुन्या हॉट रॉडसारखी, म्हणजे वेगासाठी बदललेल्या जुन्या गाड्यांसारखी, पुढची चाकं उघडी, भरपूर अॅल्युमिनिअम, बघायला गर्दी व्हायची पण आत व्ही-६, आणि ती गाडी संसारी माणसाने घ्यायची नव्हतीच. खरी संधी होती पीटी क्रूझर, ती प्लिमथसाठीच विचारात घेतली होती, स्वस्त, उपयोगी, वेगळी, म्हणजे अगदी १९२८ चा हिशोब. ती आली तेव्हा तिच्यावर क्रायस्लरचा बिल्ला होता आणि धो धो खपली.

म्हणून जर्मनांना दोष देणं मला पटत नाही. १९९८ ला मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरशी एकत्र झाले, ३ नोव्हेंबर १९९९ ला जाहीर केलं की प्लिमथ बंद करणार, आणि तोपर्यंत बंद करायला काय उरलं होतं? जे डीलर प्लिमथ विकत होते ते क्रायस्लरचेच होते. व्हॉयेजरचा बिल्ला काढून क्रायस्लरचा लावला, प्रावलरचा काढून क्रायस्लरचा लावला, निऑन डॉजकडे होतीच. एकही दुकान बंद पडलं नाही. फोर्ड बंद करायची म्हटली असती तर हजारो दुकानदार रस्त्यावर आले असते, प्लिमथसाठी भांडायला तिचा स्वतःचा एक दुकानदार नव्हता. २८ जून २००१ ला इलिनॉयमधल्या बेलव्हिडिअरच्या कारखान्यातून शेवटची निऑन बाहेर पडली.

आता तुमच्या फोटोचं. जहाज म्हणताय म्हणून मी प्लिमथ धरून चाललोय पण तरी भिंगाने बघा, कारण कुर्ल्याच्या गाड्यांमध्ये पुढे अदलाबदल फार झालीय, अपघात झाला की मिळेल ती जाळी बसवायचे. बोनेटवर वाकलेल्या शिंगांचा मेंढा असेल तर डॉज. मागची काच एक अखंड आहे का मधे पट्टी आहे ते सांगा, डिक्कीच्या झाकणावरचं अक्षर वाचता आलं तर उत्तम. आणि घरात जुनं आरसी बुक नाहीतर विम्याचा कागद सापडला तर त्यावरचा इंजिन नंबर बघा, सुरुवात पी ने होते का डी ने ते कळवा, पण नुसत्या त्यावर जाऊ नका, इंजिनंही बदललेली असतात, बऱ्याच जणांनी पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल घातली होती. गाडी अजून कोणाच्या शेडमध्ये उभी आहे असं कळलं तर एक करा, कोणालाही सेल्फ मारून बघू देऊ नका, आधी मला प्लग काढून आत तेल सोडू द्या. आणि चाक काढायची वेळ आलीच तर डावीकडचे बोल्ट उलटे.